पेन्सिलीने भरलेला तक्ता

एल आल्तोत नवा आलेला माणूस आधी श्वास मोजायला शिकतो.
समुद्र चार हजार मीटर खाली,
आणि तोही दुसऱ्याच्या देशात.

गुरुवारी दवाखान्याच्या पत्र्यावर बर्फाचा भुगा होता.
नेमेसिया आली. एकावर एक चार परकर,
डोक्यावर तपकिरी गोल टोपी,
मागे नवरा, एउसेबियो, बाह्यांवर बारीक जळलेली भोकं.
चौथा महिना.

मी दंडाला पट्टा बांधला. फुगला, हळूहळू ओसरला.
एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.
दार अजून वाजलेलं नाही,
अंगणात मात्र कुणीतरी येऊन उभं आहे
असा आकडा.

वय? एकोणचाळीस.
साखर? नाही.
आईला कधी रक्तदाब?
आई लवकर गेली. तिला वारा लागला.
कधी लागला?
धाकट्याच्या वेळी, कळा सुरू असताना. दातखीळ बसली होती.
वाऱ्याला रकाना नाही. मी दुसऱ्याच रकान्यात फुली मारली,
आणि नेमेसिया त्या फुलीकडे बघत राहिली,
जशी काही आई आत्ता, इथे, कागदावर गेली.

हे पहिलंच?
उत्तर एउसेबियोने दिलं. पहिलंच, म्हणाला,
घरावर नवा पत्रा चढवलेल्या माणसाच्या आवाजात.
मी लिहिलं: एक.
मग त्याला पावती फाडायला पाठवलं.
रांग लांब होती. मला माहीत होतं.

दार लागलं तशी ती स्पॅनिशमधून आयमारात उतरली,
जिना उतरावा तशी, भिंतीला धरून.
दुसरं आहे.
तेव्हा मी चोवीसची. माणूस वेगळा.
सातव्यात बूट पायात जाईनात, मग अंगठी निघेना,
मग डोळ्यांपुढे ठिणग्या, वेल्डिंगच्या असतात तशा.

मी यूंगासच्या दमट दरीतली. आमच्याकडे म्हणतात, काजवे.
इथे एवढ्या उंचीवर काजवे नाहीत.

चार दिवसांनी शुद्धीवर आले, म्हणाली.
तोवर त्याला पुरलंही होतं.
एवढंसं होतं म्हणे. कुणी दाखवलं नाही.
याला यातलं काही माहीत नाही.

पंधरा वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं,
आणि आता त्याच पोटात दुसरं कुणी
जागा मागत होतं.

मी खोडरबर काढलं. एकाचे दोन केले.
नवा नवरा: फुली. मधली पंधरा वर्षं: फुली.
आणि मागच्या वेळची ती ठिणग्यांची,
ही सगळ्यांत जड. पेन्सिलीचं टोक मोडलं.

हा तक्ता कुठल्यातरी सपाट देशात छापलेला.
त्यात उंची विचारलेली नाही.
हवाच विरळ असेल तर बाळाच्या वाट्याला काय येतं,
हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नसेल.
मी समासात लिहिलं: ४०६०.
आतापर्यंत कुणी वाचलेलं नाही. तरी लिहिते.

पुडी तिच्या हातात दिली.
रोज रात्री एक. अ‍ॅस्पिरिन.
डोकेदुखीची?
तीच, पण बारीक.
किती पैसे?
काही नाही.
तिने पुडी उलटी केली, सुलटी केली.
मग म्हणाली, हे तेव्हाही होतं?

पट्ट्यात थोडी हवा उरली होती. ती मी सोडली.
फार वेळ लागला.

एउसेबियो पावती घेऊन आला. काय लिहिलंत एवढं?
लिहिलं, दर गुरुवारी यायचं.
आणि डोकं ठणकलं, बरगडीखाली दुखलं,
डोळ्यांपुढे ठिणग्या आल्या,
तर गुरुवारची वाट बघायची नाही. रात्र असो, बर्फ असो.

ठिणग्या? तो हसला. मी वेल्डर आहे, सिस्टर,
मला तर रोज दिसतात.

नेमेसिया टोपी नीट करत होती.
सरळच होती टोपी.
ती करत राहिली.